फोन कोणाच्या हातात होता

गाडी चालवताना फोनवर बोलणारा माणूस दिसला की माझ्या तोंडात शिवी येते. आधी ती मनातल्या मनात यायची, आता मोठ्यानं बाहेर पडते. गोंदियाच्या बाजारात मान वाकडी करून, कान आणि खांद्यामध्ये फोन दाबून, मागे बायको-लेकरू बसवून मोटारसायकल हाकणारे रोज दिसतात. मी त्यांना हटकते. "ओ मॅडम, अपना काम देखो," असं बहुतेक जण म्हणतात. एकानं तर थांबून माझाच फोटो काढला. माझ्या शिवणक्लासच्या मुली सोबत असल्या तर अशा वेळी मुद्दाम मागे रेंगाळतात, माझ्यासोबत नसल्यासारख्या. रेंगाळू देत.

हा राग मला कुठल्या पाटीनं किंवा भाषणानं शिकवला नाही. तो घरातूनच आला, माझ्या ताईच्या नवऱ्याकडून.

भाऊजींचा धंदा प्लॉट विकायचा. बिरसीच्या रस्त्याला, जिथं कालपर्यंत धान उभं होतं तिथं चुन्याच्या रेषा मारून ते लोकांना घरं दाखवतात. त्यांच्या हातातून फोन सुटत नाही. उजव्या हातानं भात कालवायचा आणि डाव्या हातातल्या फोनवर भाव सांगायचा. आमचे बाबा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला सगळे हात जोडून बसले होते, भंतेजी त्रिशरण देत होते, आणि हे मंडपामागं उभं राहून कोणाला तरी कोपऱ्याचा प्लॉट देत होते. ते मला आवडलं नाही, पण गिळलं. गाडीतलं गिळता येत नसे. नवी पांढरी गाडी घेतल्यापासून त्यांचा एक हात स्टेअरिंगवर, दुसऱ्यात फोन, आणि डोळे कुठं ते सांगता यायचं नाही. कुणी काही म्हटलं की हसायचे. "डोये मिटून चालवीन मी ह्या रस्त्यानं," म्हणायचे. ताईला त्याचं कौतुक होतं. तिचा नवरा बिझी माणूस होता.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. ती अर्जुनी मोरगावला राहते, ऑपरेशन गोंदियाला करायचं ठरलं. मी म्हटलं, रेल्वेनं घेऊन येते, सरळ गाडी आहे. ताई म्हणाली, "घरची गाडी असताना रेल्वेनं कायले? लोक का म्हणतीन?" तर आम्ही तिघं भाऊजींच्या गाडीनं सकाळी गेलो, आईकडे जेवलो आणि दुपारी तिला घेऊन परत निघालो. पुढं भाऊजी आणि ताई, मागं मी आणि आई. थंडीचे दिवस होते. कापणी होऊन गेली होती, धानाच्या बांध्यांमध्ये नुसती खुंटं उरली होती आणि कुठं कुठं मळणी सुरू होती.

अर्जुनी सुटत नाही तोच पहिला फोन आला. कुणी तरी गिऱ्हाईक होतं, हिंदीत बोलणारं. "हाँ भाईसाब, एकदम रोड टच है. आप एक बार आ के तो देखो." बोलता बोलता गाडी रस्त्याच्या मधोमध गेली. समोरून ट्रॅक्टर आला तेव्हा ती बाजूला आली, तीही झटक्यानं.

मी म्हटलं, "भाऊजी, बाजूले घेऊन बोला ना."

"कायले? बोलून राहिलो, झोपून तं नाही राहिलो."

ताईनं मागं वळून माझ्याकडं डोळे वटारले. "तू गप बस ना. लहान आहेत काय ते?"

फोन संपला. थोड्या वेळानं त्याच माणसाला नकाशाचा फोटो हवा झाला. आता भाऊजी बोलत नव्हते, अंगठ्यानं फोटो सरकवत होते. लग्नाचे फोटो, कुणाच्या वाढदिवसाचा केक, सात-बारा, पुन्हा लग्न. मला मागून सगळं दिसत होतं. गाडीचं डावं चाक डांबर सोडून मुरमावर उतरलं, खडखडलं, आणि आईनं माझं मनगट धरलं. तिला दिसत नव्हतं, पण अंगाला कळत होतं.

"भाऊजी, आई गाडीत आहे," मी या वेळी मोठ्यानं म्हटलं. "तो फोन ठेवा, नाही तं आमाले इथंच उतरवून द्या."

त्यांनी आरशातून माझ्याकडं पाहिलं. "उतर ना. जंगल लागनच आता. अस्वल भेटन एखादं, त्याले शिकव गाडी चालवाले."

ताई हसली. भाऊजीही हसले. हसताना त्यांनी फोन खाली ठेवला नाही.

नवेगावबांधच्या अलीकडं एक लहान गाव आहे. रस्ता तिथं सरळ आहे, दोन्हीकडं बांध्या, उन्हात सगळं स्वच्छ दिसणारं. पुढं एक बाई सायकल ढकलत चालली होती. सायकलच्या कॅरिअरवर धानाचा कट्टा होता, ते पोतं पडू नये म्हणून ती एका हातानं धरून चालत होती. डांबरावर नव्हतीच ती, खाली मातीत चालत होती. मला ती इतक्या लांबून दिसली की मी तिची साडीही पाहून घेतली, पिवळी होती, आणि ब्लाउजची बाही दुसऱ्याच कापडाची. माझा धंदाच तो, नजर तिथं आधी जाते. मागच्या सीटवरून मला बाही दिसली, तर पुढं बसलेल्याला अख्खी बाई दिसायला काय झालं होतं?

पुन्हा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, "हाँ, भेजा ना अभी, देखो," म्हणाले आणि पाठवलेला फोटो गेला की नाही ते पाहायला फोन पुन्हा डोळ्यांसमोर धरला. गाडी डावीकडं सरकली.

"भाऊजी!" मी ओरडले.

त्यांनी मान वर केली. स्टेअरिंग फिरवलं. आवाज झाला तो मी सांगणार नाही. अजून कधी पत्र्यावर काही आपटलं तरी मी हातातलं काम टाकून उभी राहते.

गाडी बरीच पुढं जाऊन थांबली. सीटखाली पडलेल्या फोनमधून तो माणूस बोलत होता. "हलो? हलो भाईसाब? आवाज कट रही है आपकी. वो कोने वाला ही है ना? हलो?"

मी दार उघडून पळाले. बाई बांधाच्या उतारावर पडली होती. सायकलीचं मागचं चाक दुमडलं होतं, कट्टा फुटून धान रस्ताभर सांडलं होतं, आणि त्यावरून पळताना माझे पाय घसरत होते. ती शुद्धीत होती. पस्तिशीची असेल. तिचा एक पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळला होता. तिला ते दिसत नव्हतं, कारण उतारावर तिचं डोकं खाली होतं.

"माहा पाय आहे ना?" तिनं मला विचारलं. "पाय आहे ना माहा, बाई?"

"आहे," मी म्हटलं. "हलू नको."

मळणीवरचे लोक धावत आले. कुणी पाणी आणलं, कुणी तिच्या घरी सांगायला पळालं. तोवर भाऊजी गाडीतून उतरून आले होते. त्यांचं पहिलं वाक्य मला शब्दाशब्दानं आठवतं. बाईकडं पाहिलं नाही, लोकांकडं पाहून म्हणाले, "कुत्रं आलं मधात. कुत्र्याले वाचवाले गेलो."

ताई गाडीच्या दारापाशी उभी होती. तिथूनच म्हणाली, "हो, एकदम आलं. काळं कुत्रं."

तिनं कुत्र्याला रंगही दिला.

मी बाईचा हात धरून बसले होते. मला उठायचीही गरज नव्हती. बसल्या जागेवरून म्हटलं, "कुत्रं-बित्रं काही नव्हतं. हे फोनमधी पाहून राहिले होते."

क्षणभर सगळे माझ्याकडं पाहत राहिले, कारण मी त्याच गाडीतून उतरलेली होते. मग एका माणसानं भाऊजींची कॉलर धरली. दुसऱ्यांनी सोडवलं. भाऊजींनी त्या धक्काबुक्कीतून माझ्याकडं पाहिलं. तशी नजर माझ्यावर कोणी टाकली नव्हती, त्यांनी तर नाहीच. पुढच्या सगळ्या गोष्टी त्या नजरेतच होत्या.

गावातल्या कुणाच्या तरी पिकअपमध्ये बाईला टाकलं आणि मी तिच्यासोबत बसले. आई पांढऱ्या गाडीतच राहिली. दवाखान्यात बाईचा पाय बांधला आणि मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. तिचा नवरा आला तेव्हा मी त्याला काय झालं ते सांगितलं. तो ऐकून घेत होता की नाही, कळलं नाही. बायकोच्या चपला हातात घेऊन उभा होता.

संध्याकाळी ठाण्यात पोलिसांनी बयान घेतलं. मी जे पाहिलं ते सांगितलं. बाहेर आले तर भाऊजी आवारातल्या झाडाखाली उभे होते.

"माह्या गाडीत बसून माह्यावरच?" ते म्हणाले. "तुह्या मायच्या ऑपरेशनसाठी गाडी आणली होती मी. परक्या बाईसाठी घर तोडतेस तू?"

"तुमी माफी मागतली का तिची?" मी विचारलं.

"पहिले आपलं घर पाह्य."

"तिचं घर पाहून आलो आपण आता. गाडीखाली पाहून आलो."

ते थुंकले आणि निघून गेले.

नंतर मला कळलं की कुत्रं बयानातून गायब झालं. फोन चालू होता हे कंपनीकडून निघू शकतं, असं कुणी तरी त्यांना समजावलं असणार. मग ताईनं नवीन सांगितलं. फोन तिच्या हातात होता. फोन आला तेव्हा तीच बोलत होती, तिचा नवरा समोर पाहून गाडी चालवत होता, आणि बाईच सायकल घेऊन डांबरावर आली. हे तिनं सही करून दिलं. माझी सख्खी बहीण, जिच्या जुन्या फ्रॉकांवर मी शिवण शिकले.

मी तिच्या घरी गेले. तिनं फाटक उघडलं नाही, फाटकापलीकडूनच बोलली.

"फोन तुह्या हातात होता?" मी विचारलं.

"होता."

"माह्या डोळ्यात पाहून सांग."

"तुह्या डोळ्यात पाहाले माह्याजवळ वेळ नाही. तुले नवरा नाही, तुले का समजन?"

माझा नवरा वारून बरीच वर्षं झाली होती. हे वाक्य तिनं आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. मी परत आले. रडले नाही. रात्री जेवलेही, चांगली भूक लागली होती.

आईचं ऑपरेशन पुढं ढकललं गेलं आणि ती माझ्याकडेच राहिली. पोलिसांनी तिलाही विचारलं. ती म्हणाली, "मले तं दिसतच नाही बापा. दोन्ही डोयात पडदा." त्यांनी तेवढंच लिहून घेतलं. घरी मी तिला म्हटलं, "मोतीबिंदू डोळ्यात आहे आई, कानात नाही. ते बोलून राहिले होते ते आयकलं ना तू?"

तिनं पदर तोंडावर ओढला. "तुले बहीण एकच आहे."

"त्या बाईलेही पाय दोनच आहेत."

दोन दिवस माझ्या हातचा चहाही तिनं धड घेतला नाही.

बाईच्या पायात रॉड घातला. ती घरी गेल्याचं कळल्यावर मी भेटायला गेले. मनात कुठं तरी असं होतं की निदान या एका घरात मला कुणी बस म्हणेल. बाई अंगणात खाटेवर होती, पाय उशीवर. मला पाहून तिनं ओळखलं. नवरा भिंतीपाशी सायकलीचं चाक सरळ करत होता.

"तुमी त्याच गाडीतल्या ना?" तो म्हणाला.

मी सांगितलं की मी खरं बयान दिलं आहे, आणि ते मागे घेणार नाही.

बाईनं विचारलं, "गाडीत होत्या तवा बोलल्या होत्या का त्याले? फोन ठेव म्हणून?"

"बोलली होती. दोनदा."

"मंग उतरल्या काऊन नाही?"

"आईले दिसत नाही. तिले घेऊन कुठी उतरणार होती मी?"

"मी तं रस्त्याच्या खालीच होती," ती म्हणाली. "तरी भेटली ना मले तुमची गाडी."

नवऱ्यानं मी आणलेली फळांची पिशवी उचलली आणि माझ्या स्कुटीच्या हुकाला परत अडकवली. रागानं नाही. खाली पडलेली वस्तू ज्याची त्याला द्यावी तसं.

घरी येताना मी रस्ताभर बडबडत होते. माझी गाडी नव्हती ती. मी काय करायला हवं होतं, चालत्या गाडीत हात धरायला हवा होता त्यांचा? भाऊजींवर राग होताच, ताईवर होता, आता त्या बाईवरही आला आणि तिच्यावर राग आला म्हणून आणखीच भडकले. गोरेगावच्या पुढं एक टिप्परवाला मांडीवर फोन ठेवून खाली पाहत जाताना दिसला. मी हॉर्न दाबून धरला. त्यानं खिडकीतून हात बाहेर काढून मला पुढं जायची खूण केली.

केस उभी राहिली तेव्हा भाऊजींच्या वकिलानं मला पहिला प्रश्न विचारला, "आपल्या आईचं अर्जुनीचं घर कोणाच्या नावावर आहे?"

मी म्हटलं, "आईच्या."

"आणि त्या घराच्या वाटणीवरून आपला बहिणीशी वाद आहे, हे खरं आहे ना?"

"नाही."

"बहिणीशी बोलणं आहे का आपलं?"

"नाही."

"मग वाद नाही असं कसं?"

लोक हसले. ताई समोरच्या बाकावर बसली होती, हसली नाही, मान खाली घालून बांगडी फिरवत होती. तिची पाळी आली तेव्हा तिनं पुन्हा तेच सांगितलं, "फोन माझ्या हातात होता." आवाज इतका लहान की तिला मोठ्यानं बोलायला सांगावं लागलं, आणि मग तिला ते मोठ्यानं म्हणावं लागलं. जखमी बाईनं सांगितलं की गाडी मागून आली, फोनचं तिला मालूम नाही. ते खरंच होतं. मागून आलेल्या गाडीत कोण काय करतं हे तिला कसं दिसणार? तोवर भाऊजी आणि त्या बाईच्या घरात पैसे देऊन समझोता झालेला होता, हे मला सगळ्यांत शेवटी कळलं. तिच्या नवऱ्यानं बाहेर मला टाळलं. त्यांचं मी चूक म्हणत नाही. रॉड तिच्या पायात होता.

भाऊजी दंड भरून त्याच दिवशी घरी गेले. पुढं त्यांनी फोनवर बोलायला कानात घालायचं यंत्र घेतलं आणि आईकडून मला निरोप पाठवला, "आता दोन्ही हात मोकळे आहेत म्हणा तिले." नातेवाइकांत माझं नाव घर फोडणारी असं पडलं. एका लग्नाची तर मला पत्रिकाच आली नाही. ज्यांनी दिली त्यांनी मला आणि ताईला वेगवेगळ्या पंगतीत बसवलं.

मागच्या उन्हाळ्यात वडसाची मावशी वारली. मी रेल्वेनं गेले, आई परत तिच्या घरी राहत होती, ती अर्जुनीहून चढली. तिथं ताई आणि भाऊजी पांढऱ्या गाडीनं आले होते. वंदना झाली, जेवणं झाली, ताई माझ्यासमोरून दहा वेळा गेली असेल, पण भिंतीसमोरून जावं तशी. आईला माझ्याकडं राहायला यायचं होतं म्हणून आम्ही दोघी परतीच्या गाडीला स्टेशनवर आलो. डब्यात बसलो, गाडी सुटायच्या बेतात होती, आणि ताई चढली. एकटी. हातात पिशवी. आम्हाला पाहून थबकली, पण गर्दी होती, जागा आमच्यासमोरच होती. बसली.

आईनं विचारलं, "कावं, तू गाडीनं नाही गेली?"

"उलटी होते मले गाडीत."

"कवापासून?"

"होते आता," ताई म्हणाली आणि खिडकीकडं तोंड फिरवलं.

गाडी हलली. थोड्या वेळानं तिचा फोन वाजला. भाऊजींचा आवाज नेहमीच मोठा, समोर बसून मलाही ऐकू येत होता, मागं हॉर्न वाजत होता.

"बसली का? जागा भेटली?"

"गाडी चालवून राहिले काय तुमी?" ताईनं विचारलं.

"हो, निंगलो ना. आयक, तो बिरसीवाला—"

"मंग ठेवा."

तिनं फोन कापला. तो लगेच परत वाजला. तिनं तो बंद केला, पिशवीत साडीखाली खुपसला आणि पिशवीची चेन ओढली. मी पाहत होते. आईही पाहत होती, तिला आता दोन्ही डोळ्यांनी चांगलं दिसतं.

"का पाहून राहिली?" ताई माझ्यावर खेकसली. इतक्या दिवसांत माझ्याशी बोललेलं हे तिचं पहिलं वाक्य. "पाहू नको माह्याकडं."

मी पाहायचं थांबवलं नाही. तीच शेवटी खिडकीकडं वळली. गोंदियाला उतरल्यावर आईची एक पिशवी तिनं उचलली, एक मी. बाहेर आल्यावर तिनं तिच्या हातातली पिशवी माझ्या पायाशी ठेवली, वेगळी रिक्षा केली आणि वळून न पाहता निघून गेली.